भूलवाल्या बाईंची फायरवॉल

भूलवाल्या बाईंना अर्धवट वाक्य खपत नसे. आमची ओळख झाली तीसुद्धा त्यावरूनच. मी मँचेस्टरला नवा होतो. शनिवारी दुपारी बाजार करून ट्रामने परतताना पुण्याला आईशी फोनवर बोलत होतो, आणि परदेशी गेलेले मुलगे आईशी जसं बोलतात तसंच बोलत होतो. ‘हो गं... बरं आहे... बघू... नाही गं, तसं काही नाही, म्हणजे...’ समोरच्या सीटवर सत्तरीला टेकलेल्या एक बाई बसल्या होत्या. अंगात निळा कोट, पायात पांढरे ट्रेनर्स, कपाळावर दिसेल न दिसेल एवढी टिकली आणि मांडीवरच्या पिशवीतून डोकावणारी मुळ्याची जुडी. त्या पुढे वाकल्या आणि खणखणीत मराठीत म्हणाल्या, “म्हणजे काय? पूर्ण कर ना वाक्य. ती माय तिकडे कान लावून बसली असेल.”

मी इतका दचकलो की वाक्य खरोखरच पूर्ण केलं. “म्हणजे आई, मला इथे अजिबात करमत नाही.” कित्येक आठवडे जे गिळत होतो ते असं भर ट्राममध्ये तोंडातून निघून गेलं. आई तिकडे रडायला लागली, मी इकडे खिडकीबाहेर पाहू लागलो, आणि बाई समाधानानं मान हलवून पिशवी आवरू लागल्या. माझा फोन संपल्यावर म्हणाल्या, “इथलं सेल म्हणून उपनगर आहे, तिथे राहते मी. उद्या जेवायला ये. पुण्याचा दिसतोस, बोलावल्याशिवाय यायचा नाहीस, म्हणून बोलावून राहिले.” पत्ता सांगितला, माझ्याकडून तो म्हणवून घेतला आणि उतरून गेल्या.

बाई मूळच्या नागपूरच्या. नवरा-बायको दोघंही डॉक्टर. लग्न झाल्यावर इकडच्या इस्पितळांत नोकरीला आले ते कायमचेच. नवरा पुढे जीपी, म्हणजे वस्तीतला फॅमिली डॉक्टर झाला आणि बाई भूलतज्ज्ञ. त्यामुळे तिथली मराठी मंडळी त्यांना भूलवाल्या बाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. पेशंटला उलटे आकडे मोजायला लावणं त्यांना आवडत नसे. त्या त्याला काहीतरी सांगायला लावत. कुत्र्याचं नाव कुणी ठेवलं, लग्नात काय घोळ झाला, असलं काहीही. माणूस सांगता सांगता झोपी जाई. “हजारो गोष्टींची सुरुवात ऐकली मी,” त्या म्हणायच्या, “शेवट एकीचाही नाही. नंतर वॉर्डात जाऊन विचारलं तर त्यांना काही आठवत नसे. म्हणून जागा माणूस मध्येच थांबला की माझं डोकं फिरतं.”

त्या रविवारी गेलो आणि मग जातच राहिलो. स्ट्रेटफर्डला ज्या घरात मी खोली घेऊन राहत होतो तिथे आणखी चौघं होते, पण सुटीच्या दिवशी ज्याचं त्याचं दार बंद. स्वयंपाकघरात गाठ पडलीच तर ‘यू ऑलराइट?’ म्हणायचं आणि उत्तराची वाट न बघता आपापला टोस्ट घेऊन निघून जायचं. बाईंच्या घरी निदान माझ्यावर रागावणारं कुणीतरी होतं. गोळाभात, त्यावर फोडणीचं तेल, बाजूला कांद्याच्या पातीऐवजी लीकचा झुणका आणि तोंडी लावायला टोमणा: “पुणेकर, हवं ते वाढून घे. आग्रह करणार नाही, तुझ्याच गावची रीत पाळून राहिले.” घर मोठं होतं, मागे सफरचंदाचं झाड होतं, पण बाई वापरत त्या स्वयंपाकघर आणि दोन खोल्या. बाकीच्या खोल्यांतलं हीटिंग बंद असे. त्या दारांवरून जाताना पायांना गार लागायचं.

नवऱ्याचा उल्लेख त्या ‘डॉक्टरसाहेब’ असा करत. ते जाऊन दोनेक वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा समीर न्यूझीलंडला होता. वडील गेले आणि थोड्याच महिन्यांत त्याला तिकडची नोकरी मिळाली. तो वर्षश्राद्धापर्यंत थांबला नाही आणि श्राद्धाला आलाही नाही. बाईंनी लेस्टरहून गुरुजी बोलावून ते एकट्यानं उरकलं. हे त्यांनी मला सांगितलं ते भांडी विसळताना, माझ्याकडे पाठ करून. सांगून झाल्यावर नळ जरा जास्तच मोठा सोडला.

समीर रविवारी सकाळी फोन करायचा. तेव्हा त्याच्याकडे रात्र असे. मी समोर बसलेला असलो तरी बाई आत जात नसत, कारण त्या बोलण्यात लपवण्यासारखं काही नसायचंच. “हवा कशी आहे?” “थंड. तिकडे?” “वॉर्म.” “जेवलास?” “हो. तू?” “हो.” आणि मग “चल, ठेवते.” सगळ्या जगाकडून वाक्यं पूर्ण करून घेणाऱ्या या बाईंना स्वतःच्या मुलाशी एक वाक्य सुरू करता येत नव्हतं. फोन ठेवल्यावर त्या पुसलेला ओटा पुन्हा पुसायच्या. मला अशा वेळी कुठे बघावं कळत नसे.

अशात समीरनं इथल्याच एका दुकानातून आईच्या पत्त्यावर एक खोकं पाठवलं. आत गेम खेळायचा कन्सोल, कानाला लावायचा हेडसेट आणि मोटारींच्या शर्यतीची डिस्क. फोनवर म्हणाला, “आई, आपण ऑनलाइन खेळू. सेम रोडवर, तू आणि मी. बोलता पण येतं.” बाईंनी ‘बरं’ म्हटलं आणि फोन ठेवून माझ्याकडे वळल्या. “आईशी बोलायचा कंटाळा येतो, म्हणून खेळणं पाठवून राहिला. म्हातारी झाले मी, याला वाटतं पाळण्यात आहे.” खोकं जिन्याखालच्या कपाटात गेलं. पण पुढच्या रविवारी ते बाहेर आलेलं होतं, नंतर कधीतरी उघडलेलं दिसलं, आणि एक दिवस जेवण झाल्यावर बाई म्हणाल्या, “तू कॉम्प्युटरवाला ना? लावून तर बघ. फेकायच्या आधी चालतं का ते तरी कळेल.”

मी कन्सोल टीव्हीला जोडला आणि राउटरपासून वायर ओढून आणली. हे यंत्र आपल्या घरचं इंटरनेट आपणच तपासतं आणि शेरा देतं. शेरा आला: ‘स्ट्रिक्ट’. समीरचं नाव पडद्यावर दिसत होतं, पण त्याच्या खेळात शिरायला गेलं की ‘जोडता येत नाही’ एवढंच उत्तर. अडवत होती ती राउटरमधली फायरवॉल, आणि ती बाईंनीच घालून घेतली होती. तिथल्या मराठी मंडळातल्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरल्याचं ऐकून त्यांनी ब्रॉडबँड कंपनीला फोन केला होता आणि सगळ्यात कडक पातळी मागून घेतली होती. “मी म्हटलं, बापा, असेल तेवढी भिंत घाल,” त्या अभिमानानं म्हणाल्या.

मी त्यांना समजावून सांगितलं. आपण आतून कुणाला हाक मारली तर तिचं उत्तर ही भिंत आत येऊ देते. पण बाहेरून कुणी आपणहून हाक मारली तर ती अडवते. मेल वाचायला, बातम्या बघायला तेवढं पुरतं. या खेळात मात्र दोन घरांतली यंत्रं एकमेकांशी थेट बोलतात. दोन्ही घरांत अशीच कडक भिंत असेल तर पहिली हाक कुणाचीच पोचत नाही आणि दोघंही आपापल्या जागी वाट बघत बसतात.

“म्हणजे त्याच्याकडेही भिंत आहे?” बाईंनी विचारलं.

“असणार. दोघांपैकी कुणीतरी उघडायला हवं.”

“मग त्यानं उघडावं,” बाई म्हणाल्या. “गेला तो आहे. मी इथेच आहे.”

पुढच्या रविवारी फोन आला तेव्हा मी समीरशी बोललो. मँचेस्टरी इंग्रजी आणि अधूनमधून अडखळत मराठी. तो ज्या इमारतीत राहत होता तिथे सगळ्या भाडेकरूंना मिळून मालकाचं एकच कनेक्शन होतं आणि त्या राउटरला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. “आय हॅव ट्राइड, मेट. मालकाला पण विचारला. तो नाही म्हणते. माझ्या हातात काही नाही. आईला सांग ना.” मी सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि मला चहा हवा का विचारलं. त्यानंतर कितीतरी रविवार त्या कन्सोलबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. महागलेली भेंडी झाली, शेजारणीचं मांजर झालं, माझ्या लग्नाचं झालं. मीही विषय काढला नाही. आई-मुलाच्या मध्ये पडणारा मी कोण?

मग एकदा माझं जेवण चालू असताना त्यांनी एकदम विचारलं, “एकानं उघडलं तर नक्की पुरतं?”

“पुरतं.”

“दुसऱ्याची बंद असली तरी?”

“तरी. आपली हाक त्याच्यापर्यंत जात नाही, पण त्याची आपल्यापर्यंत येईल.”

बाई खुर्चीच्या पाठीला हात टेकून उभ्या राहिल्या. “मग उघड माझ्याकडची. आईनं आपला मान धरून बसायचं आणि पोरानं आपला, याला काही अर्थ आहे का?” आणि माझ्या ताटात न विचारता भात वाढला.

उघडायची म्हणजे सगळी भिंत पाडायची नव्हती. फायरवॉलमध्ये क्रमांक दिलेल्या खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. कन्सोलला लागतात तेवढ्याच खिडक्या उघडायच्या आणि त्यांतून येणारं सगळं फक्त कन्सोलकडे जाईल असा नियम राउटरमध्ये लिहायचा. मी लॅपटॉपवर राउटरचं पान उघडलं. बाई चष्मा लावून शेजारी बसल्या आणि माझ्या प्रत्येक क्लिकला आडव्या आल्या. यातून काय येणार? कुणाकडे जाणार? दुसरं कुणी शिरलं तर? आणि सगळ्यात आधी, परत बंद कसं करायचं? “उघडायच्या आधी ते दाखव,” त्या म्हणाल्या. “झोपवणं कुणालाही येतं. मी आधी जागं करायची तयारी बघत असे.” मला उघडण्यापूर्वी बंद करून दाखवावं लागलं. मगच त्यांनी मान डोलावली. कन्सोलनं पुन्हा तपासणी केली आणि या वेळी शेरा दिला: ‘ओपन’.

समीरकडे मध्यरात्र झाली होती, पण बाईंनी फोन केल्यावर तो लगेच पलीकडे आला. पडद्यावर एका डोंगरी रस्त्यावर दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, एक लाल आणि एक बाईंनी निवडलेली राखाडी. बाईंनी हेडसेट चढवला. टीव्हीतूनही आवाज येत होता. “हॅलो? आई?” बाईंचा चेहरा मला बाजूनं दिसत होता. त्यांनी हेडसेटचा माइक तोंडाशी ओढला. मग त्या एकदम म्हणाल्या, “समीर, सीटबेल्ट लावला का?” पलीकडे तो मोठमोठ्यानं हसायला लागला. बाईही हसल्या. मी टीव्हीचा आवाज बंद केला, दार ओढून घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसलो.

बाईंचं गाडी चालवणं बघण्यासारखं होतं. शर्यतीत त्या वेगमर्यादा पाळायच्या. वळणावर कुणाला मागे टाकायचं नाही, लाल गाडी पुढे सुसाट गेली की “आरशात बघत जा” म्हणून ओरडायचं. जिंकण्याशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं. भांडी पुसता पुसता त्यांनी मला एकदा खरी गोष्ट सांगितली. समीर लहान असताना बाई त्याला शाळेत, पोहायला, पियानोच्या क्लासला गाडीनं सोडायच्या. “टेबलाशी समोर बसवलं की तोंडाला कुलूप. गाडीत बसला की सगळं सांगायचा. कुणी मारलं, कुणी चिडवलं, कोण आवडते. दोघांचीही नजर रस्त्यावर असते ना, मग बोलायला लाज वाटत नाही.” हातातली ताटली जागेवर ठेवून त्या पुढे म्हणाल्या, “त्याला आठवत असेल का रे? की गाड्यांचा खेळ उगाच पाठवला?” मला ठाऊक नव्हतं. पण माझ्या मते उगाच नव्हता.

पण हे सगळं नंतरचं. आधी घोळ झाला. दुसऱ्याच रविवारी मी गेलो तर बाईंनी दार उघडलं आणि पाठ फिरवून आत निघून गेल्या. कन्सोलवर पुन्हा ‘स्ट्रिक्ट’ होतं. समीर दिसत होता, पण जोडला जात नव्हता. “बंद केलं त्यानं,” बाई म्हणाल्या.

“बाई, त्याच्याकडे बंद करण्यासारखं काहीच नाही.”

“असतं. माणसाकडे असतं.” त्या खुर्चीत बसल्या. “गेल्या वेळी मी विचारलं त्याला. बापाच्या वर्षश्राद्धाला का आला नाहीस म्हणून. तो म्हणाला, उद्या ऑफिस आहे, आणि गेला. आठवडाभर मला तेच खाऊन राहिलं. जमलं होतं रे बोलणं, मीच घाण केली.” नेहमीच्या वेळी फोनही वाजला नव्हता. बाईंना असं खचलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी घरात स्वयंपाकही झालेला नव्हता.

मी राउटरचं पान उघडलं. नियम जसाच्या तसा होता. खिडक्या उघड्या होत्या. पण त्यातून येणारं सगळं ज्या पत्त्यावर जायला हवं, त्या पत्त्यावर कन्सोल नव्हताच. तिथे बाईंचा प्रिंटर होता. राउटर नव्यानं चालू झाला की घरातल्या यंत्रांना पंगतीसारखं बसवतो. जो आधी येईल त्याला पुढचं पान. तेव्हा हा राउटर मध्ये कधीतरी बंद झाला असणार. मी विचारलं, “बाई, तुम्ही राउटर बंद करता का?”

“रोज करते,” त्या म्हणाल्या, जणू मी दात घासता का असं विचारलं होतं. “झोपायच्या आधी सगळीच बटनं बंद करते.”

ही सवय मला नवी नव्हती. आपल्याकडच्या त्या पिढीला भिंतीवरचं बटन चालू ठेवून झोपच येत नाही. वीज पडेल, काहीतरी जळेल, मीटर फिरत राहील. पण या घरात ती फेरी डॉक्टरसाहेबांची होती. रोज झोपायच्या आधी ते घरभर हिंडून केटल, टोस्टर, टीव्ही, सगळ्यांची बटनं एकेक करून बंद करत आणि मगच वर येत. ते गेल्यावर बाईंनी फेरी चालू ठेवली होती. “एवढा एक राउटर चालू ठेवलात तर...” मी म्हणू लागलो, आणि त्यांनी मान हलवली. “ते नको सांगू. दुसरं काही कर.”

दुसरं करता येण्यासारखं होतंच. कन्सोलसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवायचा, म्हणजे घर रोज बंद होऊन रोज चालू झालं तरी त्याच्या जागेवर कुणी बसणार नाही. मी तसं केलं, नियम त्या पत्त्याला बांधला, बाईंना सगळं बंद करून पुन्हा चालू करायला लावलं. शेरा ‘ओपन’ आला. बाईंचा हात हेडसेटकडे जायच्या आतच टीव्हीतून समीरचा आवाज आला. “आई? यू देअर? मला वाटला तू बंद केली.”

“मी कशाला बंद करू?” बाई हेडसेटचा माइक तोंडाशी धरून ओरडल्या. “मला वाटलं तू केलंस. प्रिंटर बसला होता मेला तुझ्या जागेवर!”

“व्हॉट?”

“काही नाही. हा पुण्याचा पोरगा सांगेल तुला.”

दोन गाड्या रस्त्यावर उभ्या होत्या आणि त्यांची इंजिनं घरघरत होती. मी उठत होतो तेवढ्यात समीर बोलायला लागला, आणि मला हलता येईना. “आई, तू विचारली ना, का आला नाही. मी घाबरला होता. बाबा नाही आणि ते घर आहे... आय कुडंट. मी एअरपोर्टपर्यंत गेला होता. बॅग घेऊन. मग परत आला.”

बाईंनी पडद्यावरची नजर काढली नाही. “मलाही बघवत नव्हतं रे,” त्या म्हणाल्या. “पण मी कुठे जाणार होते?”

मी हेडसेट त्यांच्या कानांवर नीट चढवला आणि बाहेर आलो. स्वयंपाकघरात थंड शेगडीसमोर बसून राहिलो. आतून बाईंचा आवाज येत होता, कधी चढा, कधी अगदी हळू, मध्येच हसणं, मध्येच नाक ओढणं. मला आनंद झाला होता आणि वाईटही वाटत होतं. ज्या कामासाठी रविवारी माझी गरज लागत होती ते मी माझ्याच हातांनी संपवलं होतं. पुण्याला आईला फोन लावला. ती देवळात गेली होती. मग मी बाईंच्या घरी पहिल्यांदाच, न विचारता, कुकर लावला.

बाईंनी मला दूर केलं असं मात्र झालं नाही. जेवायला मी असायचोच, फक्त आता जेवण उशिरा व्हायचं आणि आदल्या दिवशीचं असायचं. बाई माझ्याशी समीरबद्दल बोलायच्या. तो डाळ कशी करतो, त्याची कोण मैत्रीण आहे, ती शाकाहारी आहे हे बरं की वाईट. मला त्याचा हेवा वाटायचा. तो एवढा लांब असून त्याच्याकडे या बाईंचा पूर्ण रविवार होता.

पुढच्या वर्षी डॉक्टरसाहेबांच्या तिथीला समीर खरोखर आला. मी तेव्हा नेमका रजेवर पुण्याला होतो, त्यामुळे आमची भेट हुकली. परतलो तेव्हा घरासमोर ‘फॉर सेल’ची पाटी होती. बाई आता कायमच्या त्याच्याकडे राहायला जाणार होत्या; समीर पुढे गेला होता आणि त्या मागचं आवरत होत्या. “श्राद्ध नीट झालं,” त्यांनी सांगितलं. “त्यानं स्वतः केलं. मंत्र गुरुजींच्या मागून म्हणताना चुकला, मी काही बोलले नाही.” मग मला त्या वापरात नसलेल्या खोल्यांमधून फिरवलं. दारं सताड उघडी होती, आत खोकी भरलेली होती आणि सगळीकडे हीटिंग चालू होतं.

विमानतळावर सोडायला मी गेलो. व्हीलचेअर घेऊन आलेल्या माणसाकडे बाईंनी असं काही पाहिलं की तो दुसऱ्या प्रवाशाकडे वळला. आत जायच्या आधी त्यांनी मला विचारलं, “आता रविवारी काय करशील?”

“करीन काहीतरी.”

“काहीतरी म्हणजे काहीच नाही. तसाच कन्सोल तू घे. तुझ्या घरच्या राउटरमध्ये सगळं नीट उघडून ठेव. आम्ही दोघं असू तिकडे.” मी वाकून नमस्कार केला. त्यांनी पाठीवर थाप मारली, जरा जोरातच, आणि वळून चालायला लागल्या. मी ट्रेनमध्ये बसलो तेव्हा पिशवीत त्यांनी कधी ठेवला कोण जाणे, गोडा मसाल्याचा डबा सापडला.

मी कन्सोल घेतला. तोवर मी स्वतःपुरता छोटा फ्लॅट घेतला होता, त्यामुळे राउटर माझा आणि नियम माझे. रविवारी सकाळी मी जोडला जायचो आणि हेडसेटमधून त्यांचं घर ऐकू यायचं. आता ते दोघं एकाच सोफ्यावर बसत. बऱ्याचदा त्यांना मी आहे याचा विसर पडे. “तो हीटर सरकव.” “आई, यू आर ब्लॉकिंग द टीव्ही.” “कोथिंबीर आणलीस का?” “विसरला.” मी माझी गाडी रस्त्याच्या कडेला लावून ऐकत बसायचो. बोलावंसं वाटायचं नाही. एखाद्या घरात कोपऱ्यात बसायला मिळावं आणि कुणी ऊठ म्हणू नये, एवढं मला पुरत होतं. मग कधीतरी बाईंच्या लक्षात यायचं. “अरे, तू आहेस का?” “आहे बाई.” “मग बोलत काहून नाहीस? जेवलास का?” त्या वेळी माझ्याकडे धड नाश्त्याचीही वेळ झालेली नसायची. मी “हो” म्हणायचो.

बाई तिथे दोन हिवाळे राहिल्या. मध्ये काही रविवार त्यांचा आवाज दमलेला वाटला. विचारलं तर म्हणाल्या, “वय झालं बापा, मीटर जुनं झालं.” आणि मग एका रविवारी मी जोडलो गेलो तेव्हा हेडसेटमध्ये घरातला काहीच आवाज नव्हता. लाल गाडी रस्त्यावर उभी होती. मग समीर म्हणाला, “मी आहे. फक्त मी.” मला पुढचं कळलं, पण तो बोलेपर्यंत मी थांबलो. “आई गेली. थर्सडेला. झोपेत. माझ्याकडे तुझा नंबर नव्हता, आईच्या फोनला लॉक होतं. पण तू संडेला इथे येणार मला माहीत होतं. सो आय वेटेड.”

खेळानं शर्यत सुरू केली, तीन, दोन, एक, आणि आम्ही दोघंही हललो नाही. समीर रडत होता. आपण कधी पाहिलेला नाही असा माणूस कानाशी रडत असेल तर काय करायचं असतं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. शेवटी मी त्याला सांगितलं, “समीर, मीही रडतोय.” तो म्हणाला, “ओके. गुड.” शर्यत आपोआप संपली आणि पडद्यावर आम्ही दोघं शेवटून पहिले आल्याची पाटी झळकली. जाताना त्यानं विचारलं, “नेक्स्ट संडे? येशील का?”

“येईन,” मी म्हणालो.

आणि मी जातो. समीरला मी अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. आम्ही हळूहळू गाड्या चालवतो, तो मला त्याच्या लहानपणचं आईबद्दलचं काहीतरी सांगतो, मी त्याला सेलच्या घरातलं त्याला ठाऊक नसलेलं सांगतो. त्याचं मराठी सुधारतं आहे. बाईंची आठवण मला फक्त रविवारी येते असं नाही, ती मंगळवारी येते, बाजारात मुळा दिसला की येते. पण रविवारी ती येते तेव्हा शेजारी कुणीतरी असतं.